उंबराची रिकामी फांदी

मुलुंडच्या जुन्या खाणीत पाणी साचलं होतं. चाळीतले पाच जण रोज सकाळी कचेरीआधी तिथे पोहायचे. लंगोटावर पंचा गुंडाळून यायचे, उतरताना पंचा उंबराच्या फांदीवर टाकायचे. फांदी रिकामी झाली की सगळे वर आले असं समजायचं आणि खुशाल घर गाठायचं.

त्रेपन्न सालच्या मे महिन्यात एका सोमवारी मार्तंडाला खोडी सुचली. धाकू त्याचा जिवलग, पोहण्यात सगळ्यांचा बाप. तो बुडी मारून बसला असताना मार्तंडाने त्याचा पंचा पळवला. ‘येऊ दे लेकाला लंगोटावर चाळीत!’ वाटभर तो एकटाच हसत होता.

मागच्या तिघांनी आपापले पंचे घेतले आणि फांदी पाहिली. रिकामी. तेही निघाले.

दुपारी धाकूचं प्रेत काढलं. पंचा मिळाला नाही, तेव्हा चाळीने ठरवून टाकलं की तो वर आला होता आणि पंच्यासकट त्याने परत उडी घेतली. जीव दिला मेल्याने!

मार्तंडाने पळवलेला पंचा ट्रंकेच्या तळाशी गेला. चोरून कितीदा चुलीच्या धगीवर धरला, तरी हाताला ओलाच लागायचा.

वर्षश्राद्धाला धाकूची बायको मालन त्याला वाढता वाढता थांबली.

“भावजी, माझा काय चुकला म्हणान त्यांनी जीव दिल्यानी?”

“तुमचं काही चुकलं नाही, वहिनी. त्याने जीव दिलाच नाही.”

मालनने हातातलं भांडं खाली ठेवलं.

“तुमका कसा म्हायत?”