खांबावरचा उडालेला रंग

फुटबॉल क्लबचे चिटणीस गोलाच्या डाव्या खांबापाशी उकिडवे बसून लोखंडावरून नख फिरवत होते. चेहरा असा, की जणू घरातलंच कुणीतरी आजारी पडलंय.

"पुन्हा उडाला! परवापरवा रंगाचा हात दिला होता मी इथे. बाकी खांब बघा, कसा चकचकीत. आणि नेमका इथेच, गुडघ्याच्या जरा वर, रंग गायब."

"हं," कोच म्हणाले. कोच म्हणजे पोटापाण्याने चष्मेवाले. दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांना 'आता नीट दिसतंय का?' म्हणून विचारायचं आणि संध्याकाळी गळ्यात शिट्टी अडकवून दहा-बारा वर्षांच्या पोरांमागे धावायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम.

"बरं, त्या भिंगरीचं काय ठरलं?" चिटणीसांनी विषय बदलला. निदान त्यांना तसं वाटलं.

भिंगरी म्हणजे लहान गटातली ती पोरगी, चेंडू पायात आला की गर्रकन वळून दोघातिघांना चकवणारी. मोठ्या गटात एकच जागा उरली होती आणि नाव आजच द्यायचं होतं.

"पोरगी गुणी आहे, नाही कोण म्हणतंय?" चिटणीसच पुढे म्हणाले. "पण समोर मोकळा गोल दिसला की हातपाय गाळते आणि खांबावर मारते. राहू दे आणखी एक वर्ष इथेच."

कोचना ते पटत नव्हतं. आणखी वर्षभर इथे राहिली तर ती कंटाळणार आणि खेळच सोडणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं; अशी दोन-तीन पोरं त्यांच्या डोळ्यांदेखत हातची गेली होती. पण चिटणीस खोटंही बोलत नव्हते. खांबाचा तो ठण्ण आवाज रोज संध्याकाळी त्यांनीही ऐकला होता.

त्यांनी सराव सामना सुरू करून दिला आणि आपणही त्या खांबापाशी जाऊन वाकून बघितलं. उघडं पडलेलं लोखंड जेमतेम बशीएवढं. त्याच्या वर रंग शाबूत, खाली रंग शाबूत. त्यांच्या डोक्यात भुंगा शिरला. घाबरून मारलेला चेंडू आकाशात जाईल, बाहेर जाईल, गोलरक्षकाच्या पोटात जाईल. तो रोज याच बशीत कसा येतो?

मग त्या दिवशी त्यांनी बाकीची पोरं सोडून दिली आणि फक्त भिंगरीवर डोळे लावले.

भिंगरीच्या संघाचे तीन गोल झटपट झाले. चौथ्यांदा ती एकटीच पुढे निसटली, गोलरक्षक बिचारा आधीच आडवा झालेला, आणि ठण्ण! "अरेरे!" म्हणून चिटणीसांनी कपाळाला हात लावला. थोड्या वेळाने समोरच्यांनी कसाबसा एक गोल केला. लगेच भिंगरीने दोघांना चकवून असा काही गोल ठोकला, की जाळी थरथरली. पुढच्याच चढाईत पुन्हा मोकळा गोल, आणि या वेळी डाव्या पायाने, पुन्हा ठण्ण. त्याच बशीत!

कोचच्या हातातली पाण्याची बाटली तशीच राहिली. पोरगी घाबरत नव्हती, गोलांचा फरक तीनवर धरून ठेवत होती. आणि चौथ्याला काय होतं, ते कोचइतकं कुणाला ठाऊक असणार? नियम त्यांचाच. सरावात चार गोलांचा फरक पडला की खेळ खलास, हात मिळवा आणि घरी जा. त्यांचा स्वतःचा मुलगा लहानपणी डझनभर गोल खाऊन रडत घरी आला होता आणि त्याने पुन्हा म्हणून बूट घातले नव्हते. तेव्हापासून हा नियम होता आणि कोचना त्याचा अभिमानही होता.

पाणी प्यायला पोरं थांबली तेव्हा त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"काय गं, खांबावर मुद्दाम मारतेस?"

ती बुटाची नाडी बघत राहिली. "रागावणार?"

"आधी सांग तर."

"आत मारला की चार होतात. मग तुम्ही संपलं म्हणता. मग सगळे घरी जातात."

"मग तूही जायचं की घरी!"

"आई सातला सुटते ना कामावरून. किल्ली तिच्याकडे असते."

"मग तोवर तू कुठे असतेस?"

"इथेच. त्या पायरीवर."

सामानाच्या खोलीची पायरी. रोज त्या खोलीला कुलूप घालून, "नीट जा गं घरी," असं वर म्हणून कोच दुकानाकडे पळत सुटायचे. ती 'हो' म्हणायची आणि ते खुशाल खरं मानायचे. गावभर चष्मे विकणाऱ्याला हे दिसू नये! त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

त्यांनी शिट्टी वाजवली. "आजपासून नवा नियम! फरक चारचा झाला की संघ बदलायचे. खेळ थांबवायचा नाही."

पोरांनी कल्ला केला. भिंगरीने एकदा कोचकडे नीट बघून घेतलं, आणि पुढचा चेंडू मिळताच तो खांबाच्या आतून, अगदी खेटून, जाळीत घातला.

"चिटणीस, भिंगरीचं नाव द्या," कोच म्हणाले.

"अहो, पण खांब..."

"उद्या तुम्ही या बूट घालून. ती मारते तिथून त्या बशीवर मारून दाखवा. एक जरी लागला तरी रंगाचा डबा माझ्याकडून."

चिटणीसांनी खांबाकडे बघितलं, मग पोरीकडे, मग परत खांबाकडे. शेवटी खिशातून यादी काढून त्यांनी नाव लिहिलं.

त्या दिवशी कोचनी कुलूप घातलं नाही. सगळे गेल्यावर ते पायरीवर भिंगरीशेजारी बसले आणि तिला बातमी सांगितली. मोठ्या गटातली मुलं अंगाने दांडगी आहेत, पहिले काही दिवस धक्के बसतील, चेंडूही मिळायचा नाही, सगळं सांगितलं.

"मोठ्यांचा सराव किती वाजेपर्यंत असतो?" तिने विचारलं.

"चेंडू दिसेनासा होईपर्यंत. सात तर सहज वाजतात."

"मग येते," भिंगरी म्हणाली.