खोड विचारून घेतलेला कंप्युटर

नागूबाईनं सकाळीच गल्लीत सांगून टाकलं होतं, "आमच्या वैष्णवीला कंप्युटर आणायचाय. नवाकोरा. दुसऱ्याचं वापरलेलं आमच्या उंबऱ्याच्या आत येत न्हाय."

सांगायची काही गरज नव्हती. पण शेजारच्या सुमनबाईनं मागं जुना फ्रीज घेतला, तेव्हा नागूबाईनं तिला चार बायांत विचारलं होतं, "कुणाचं शिळं गार करून खातीस गं?" तिथून जुनं न घेणं हा तिच्या अब्रूचा प्रश्न होऊन बसला. आणि तोंडातून गेलेला शब्द माघारी घ्यायची नागूबाईला सवय नव्हती.

वैष्णवी तिची नात. कळंबच्या एका स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ कापायचं-जोडायचं काम करायची. तिथं मशीन एकच, ते रिकामं झालं की हिची पाळी. परवा स्टुडिओवाल्यानं स्पष्टच सांगितलं, "ताई, यंदा लग्नं लई आहेत. घरी कंप्युटर असंल तर काम घेऊन जात जा. न्हाईतर मी दुसरी पोरगी बघतो." आता कंप्युटर पोरीच्या कामाचा, पण पैशाची पिशवी आजीच्या कमरेला. म्हणून दोघी एसटीनं कळंबला आल्या.

नागूबाईनं दुकानात पाय ठेवताच फर्मावलं, "नवा दाव."

दुकानदार रुद्रेशनं जेवणाच्या डब्याएवढा एक बारका कंप्युटर पुढं ठेवला. चकचकीत, बोटाचा डाग पडंल असा. वैष्णवीचं लक्ष मात्र कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीएवढ्या मोठ्याकडं. तिनं तोही टेबलावर घ्यायला लावला. नागूबाईनं त्याच्या अंगावरनं हात फिरवला, तर खरवडलेल्या स्टिकरचा चिकटा बोटाला लागला.

"हे कुणाचं हाय?"

"एका इंजिनिअरच्या ऑफिसातला, मावशी. साफ करून, खराब झालेलं बदलून विकतो आम्ही. गॅरंटी देतो."

"म्हंजी शिळं."

"आजी, मला हाच पायजे," वैष्णवी हळूच म्हणाली.

"तू गप. गल्लीत तोंड कोण दावणार, तू का मी?"

नागूबाईनं पिशवीची नाडी सोडली, आणि हात तिथंच थांबला. मालक होते तोवर त्यांच्या शेजारी उभं राहून, आणि ते गेल्यावर एकटीनं, तिनं किती बैल घेतले होते. बाजाराची एक रीत होती. बैल मारका हाय, पाण्यात बसतो, एका डोळ्यानं कमी बघतो, काय असंल ते विकणाऱ्यानं दावं हातात देण्याआधी सांगायचं. सांगितलेली खोड घेणाऱ्याची, लपवलेली देणाऱ्याची.

"ह्या बारक्याची खोड काय?"

"काहीच न्हाय, मावशी. नवाकोरा."

"आन त्या थोराडाची?"

रुद्रेशनं कान खाजवला. "त्याचा पंखा वरडतो. पुढची दोन भोकं बंद पडलीत, पेनड्राइव्ह मागून लावावा लागतो. आणि लाईट जरा जास्त खातो."

नागूबाईनं नातीकडं बघितलं. बिनखोडीचा बैल तिनं जन्मात बघितला नव्हता. "आता तू बोल. बारक्याची खोड सांग."

"वाईट न्हाय तो, आजी. बिलं, टायपिंग पळत करंल. पण लग्नाचा व्हिडिओ टाकला की धापा टाकंल. पुढं आत काय वाढवायचं म्हणलं तर जागा न्हाय. मोठ्यात जागा हाय, व्हिडिओचं वेगळं कार्डबी हाय."

"खरं का रे?"

"खरंय," रुद्रेश म्हणाला.

"मंग खोड न्हाय कसं म्हणालास? पोरीला नांगराला पायजे आन तू टांग्याचा देतोस व्हय!"

"मावशी, काम काय ते तुम्ही सांगितलंच कुठं? 'नवा दाव' एवढंच म्हणालात."

नागूबाईनं पिशवीची नाडी परत आवळली. मग ती म्हणाली, "दोन्ही जुंपून दाव."

वैष्णवीनं एकच लग्न दोन्हींवर लावलं. बारक्यावर मंगलाष्टक संपलं, लोकांनी अक्षता टाकल्या आणि त्या हवेतच थांबल्या. नवरा-नवरी तोंड उघडं टाकून उभी. मोठा जात्यासारखा घरघरला, पण अक्षता नवरीच्या डोक्यावर पडल्या.

"थोराड बांध," नागूबाई म्हणाली.

पैसे घेताना रुद्रेशनं विचारलं, "एका नव्या मोठ्या कंप्युटरचं खोकं हाय मोकळं, त्यात घालून देऊ का?" नागूबाई नोटा मोजत राहिली. त्यानं खोक्यात घातला.

रिक्षा दारात थांबली तेव्हा सुमनबाई ओट्यावर बसलेली. नव्या बैलावरनं ओवाळून टाकावा तसा नागूबाईनं खोक्यावरनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, हळदकुंकू लावलं.

"नवाच ना वो काकू?" सुमनबाईनं विचारलं.

खोक्यावर रंगीत चित्र होतं. एक 'व्हय' म्हणलं की भागत होतं. वैष्णवी खोकं धरून उंबऱ्यातच थबकली. नागूबाईनं तुकडा कुत्र्यापुढं टाकला, हात झटकले.

"खोकं नवं हाय. आतला शिळा हाय. पंखा वरडतो, दोन भोकं मेलीत, लाईट खातो. हास आता, किती हासायचं ते."

सुमनबाई हसली, पदर तोंडाला लावून, पोटभर. "आमच्या शिळ्या फ्रीजचं गार पाणी तरी मिळतं, काकू. ह्याचं काय मिळतंय?"

तोवर आत कंप्युटर लागला, घरघर सुरू झाली. त्या आवाजावर आवाज चढवून वैष्णवी फोनवर स्टुडिओवाल्याला सांगत होती, उद्या येते, काम काढून ठेवा.

"ऐकलंस ना काय मिळतंय?" नागूबाई ओट्यावर टेकली. "जा, आण ते तुझं गार पाणी. घसा वाळलाय माझा."