'दादा' सापडत नाही

घराच्या मागच्या खोलीत अप्पांची कचेरी होती आणि तिथे कॉम्प्युटर मशीनची एक रांग. पुलाच्या मजबुतीचं मोठं गणित सगळी मशीन आपसात वाटून घेत. प्रत्येकाला घरातल्या माणसाचं नाव: आई, दादा, छकुली. ही हौस दादाची; सगळी जुळणीही त्याचीच. पण "मला माझं वेगळं काम करू द्या," एवढं तो म्हणाला आणि अप्पांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी थोरल्या मुलाला घराबाहेर काढलं.

आज गणित अडून बसलं होतं. पडद्यावर एकच ओळ: 'दादा' सापडत नाही. दुपारी पूलवाले उत्तर न्यायला येणार होते. अप्पांनी धाकट्या लेकीला, छकुलीला, कामाला जुंपलं आणि स्वतः तिच्या मानगुटीवर बसले.

तिने वायरी चाचपल्या. दादाच्या मशीनला आकड्यांच्या पत्त्यावरून हाक मारली, लगेच ओ आली. नावाने मारली, तर शुकशुकाट. म्हणजे मशीन ठणठणीत होतं. कुठल्या नावाचा पत्ता कोणता, हे प्रत्येक मशीनमधल्या यादीत लिहिलेलं असतं. तिथून दादाचं नाव कुणीतरी खोडलं होतं. कुणी, ते विचारायची गरजच नव्हती. रागाच्या भरात माणूस पोटच्या पोराचं नाव मशीनमधूनही पुसतो, आणि वर काम का अडलं म्हणून बोंबलतो!

ओळीभराचं काम होतं. पण छकुली म्हणाली, "मला नाही जमत. दादालाच बोलवा."

अप्पांनी दात-ओठ खात फोन लावला, स्पीकरवर. आई हात पुसत दारात आली.

"नाव गेलंय फक्त," दादा म्हणाला. वेडा कुठला, तिथल्या तिथे सगळं सांगून मोकळा! "पत्त्यापुढे परत लिही, छकुले."

"लिहिलं रे. नाही होत. तूच ये ना."

"निघतोच."

आई लगबगीने आत पळाली.

छकुलीने कळफलकाला बोटही लावलं नव्हतं. अप्पा ते बघत होते. "त्या पत्त्यापुढे 'नोकर' लिही," ते म्हणाले. "गणितात जिथे जिथे त्याचं नाव असेल, तिथेही. नाहीतर तूही चालती हो. मग आईजवळ कोण राहतं, बघतोच."

फोन चालूच होता. छकुलीला त्यांची किळस आली, पण आईसाठी तिने लिहिलं. पंखे घरघरले, आकडे धावू लागले.

"झालं का गं?" दादाने हळूच विचारलं. "मग... येऊ ना?"

"कशाला?" म्हणत अप्पांनी फोन ठेवला.

आतून आईचा आवाज आला, किती दिवसांनी असा मोकळा. "छकुले, दादाच्या उशीचा अभ्रा कुठे ठेवलाय गं?"

अप्पांनी पायाने दार लोटलं. "तू काम बघ," ते म्हणाले.