गाडीखालचे पाय

डेट्रॉईटच्या गल्ल्यांतून लोकांना सायकलवर फिरवायचं काम मी सात वर्षं करतेय. पुढे मी, मागे रांगेत दहा-बारा पाहुणे. एवढ्या वर्षांत चाकं पंक्चर झाली, गुडघे फुटले, पण माणूस कधी हरवला नव्हता. तो त्या रविवारी हरवला.

नाव थर्मन गेन्स, वय चौऱ्याहत्तर. छत्तीस वर्षं मोटारीच्या कारखान्यात काढलेली. बायकोने, अर्नेस्टीनने, त्याला जवळजवळ ओढूनच आणलं होतं. निघण्यापूर्वी ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "रोनेट, तीन महिन्यांपूर्वी याच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणतात, खुशाल सायकल चालवा. पण हा खुर्ची सोडायला तयार नाही. कशाला हात लावत नाही, कुणाशी बोलत नाही. जरा सावकाश ने, बाई."

मी सावकाशच नेलं. बाजार झाला, भिंतींवरची चित्रं झाली. पूर्वेकडच्या वस्तीत शिरून एका चर्चपाशी थांबले आणि डोकी मोजली. एक कमी.

"माझ्या मागेच तर होता!" अर्नेस्टीनचा चेहरा पांढराफटक पडला. त्याचा फोन तिच्याच पर्समध्ये.

बाकीच्यांना झाडाखाली थांबवून आम्ही दोघी उलट फिरलो. मोकळे प्लॉट, कमरेएवढं गवत, मध्येच एखादं घर. "तो नको म्हणत होता," ती सारखी पुटपुटत होती, "मीच हट्ट केला." मी प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी थांबून दोन्हीकडे नजर टाकत होते.

तिसऱ्या गल्लीत त्याची सायकल दिसली. कुंपणापाशी आडवी, शेजारी हेल्मेट. पलीकडे एक जुनी निळी गाडी, आणि तिच्याखालून बाहेर आलेले दोन पाय. बूट थर्मनचेच.

अर्नेस्टीन जागीच थिजली. मी सायकल टाकून धावले.

"अजून एक कपड्यांचा हँगर आणा हो," गाडीखालून आवाज आला. "जरा जाड तारेचा."

घरातून चर्चच्या गायकांचा झगा घातलेली एक बाई हँगर घेऊन धावत आली. "अकराला मला गायचंय," ती धापा टाकत म्हणाली. "गाडीचा सायलेन्सर निखळून रस्त्यावर घासत होता. हे सायकलवरून चालले होते, आवाज ऐकून थांबले. देवानेच धाडलं!"

थर्मन सरपटत बाहेर आला. गालावर काजळी. "आलीस? दोन मिनिटं थांब, एवढी तार पिळतो."

"दोन मिनिटं?" अर्नेस्टीनने त्याच्या खांद्यावर एक चापट मारली. "मी मनातल्या मनात तुला पुरून आले, मेल्या!" मग त्याची बाही घट्ट धरून ती फुटपाथवर बसली आणि रडता रडता हसायला लागली.

"बिघाड हृदयात होता," तो म्हणाला. "हातांत नव्हता."

मी तिच्याशेजारी बसले आणि मोकळा श्वास घेतला. गाडी सुरू झाली तेव्हा आम्ही तिघींनी टाळ्या वाजवल्या.

चर्चपाशी परतलो तेव्हा चाळीस मिनिटं उशीर झाला होता, पण कुणी कुरकुरलं नाही. पुढच्या वाटेत थर्मन माझ्या बरोबरीने सायकल चालवत होता. कुठल्या कोपऱ्यावर कुठला कारखाना होता, कोणता मुकादम किती खडूस होता, सगळं तोच सांगत होता. मला तोंड उघडायची गरजच पडली नाही. मागून अर्नेस्टीनने मात्र दोनदा बजावलं, "रोनेट, त्याच्यावर लक्ष ठेव. रस्त्यात अजून खूप गाड्या आहेत!"