एक्सेसिव्ह टेन्शन डिटेक्टेड

माझी आई आणि टोकमावशी कित्येक वर्षं एकाच चादरीला धरून आहेत. म्हणजे चादरी बदलतात, या दोघी बदलत नाहीत. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत, वरच्या मजल्यावर, घड्या घालायचं काम. एक टोक आईच्या हातात, दुसरं मावशीच्या. झटकायची, ताणायची, दुमडायची, मग दोघींनी एकमेकींकडे चालत यायचं आणि टोकाला टोक मिळवायचं. घडी मावशीकडे गेली की आई मागे फिरून पुढची चादर उचलणार. ही काही माझी सख्खी मावशी नाही. पण मला कळायला लागल्यापासून मी तिला आईच्या समोरच्या टोकालाच पाहिलंय, म्हणून टोकमावशी.

या वर्षी लाँड्रीत घड्या घालायचं मशीन आलं. चांगलं बसएवढं लांब. एका बाजूने ओली चादर घातली की दुसऱ्या बाजूने गरम घडी बाहेर. साहेबांनी दोघींना बोलावून सांगितलं, "मशीनवर एकच बाई लागेल. दुसरी खाली."

खाली म्हणजे तळघर. तिथे हॉटेलांतून आलेल्या मळक्या चादरींची बोचकी सोडून निवडायची. ओल, कोंदट वास, सारखी उठबस. वरच्या मजल्यावरच आईचे गुडघे संध्याकाळपर्यंत बोलायला लागतात. खाली गेली तर ते ओरडतीलच.

"मशीनवर कोण?" मावशीने विचारलं.

"जिला पॅनेलवरचं इंग्रजी कळेल ती. वाचायचं आणि काय करायचं ते सांगायचं. मशीनवाला आला की परीक्षा."

आई घरी येऊन नुसती बसून राहिली. चप्पलसुद्धा काढली नाही. मी मात्र उड्या मारत होते, कारण इंग्रजीतले लांबलचक शब्द म्हणजे माझं राज्य! नुकतीच मी सगळ्या शाळेसमोर माइकवर न अडखळता 'इन्स्टिट्यूशनलायझेशन' म्हणून दाखवलं होतं आणि हेडबाई चष्मा काढून बघत राहिल्या होत्या. त्या दिवसापासून मला वाटतं की जगात न जमण्यासारखं काही नसतंच.

"आई, मी आहे ना! मी शिकवते."

"मला एकटीला नको," आई म्हणाली. "तिलाही शिकव. मागून उगाच बोलणं नको."

झालं. शाळा सुटली की मी लाँड्रीत. मशीनबरोबर आलेला संदेशांचा कागद साहेबांनी भिंतीवर चिकटवला होता. मी बोचक्यावर मांडी घालून बसायची आणि एकेक शब्द फोडून सांगायची. 'स्टॅबिलायझेशन' म्हणजे स्थिर होणं, म्हणजे गरम होतंय, वाट बघायची. 'ऑब्स्ट्रक्शन' म्हणजे अडथळा, चादर तोंडाशी अडकलीय, ती ओढायची नाही, आधी बटण दाबायचं. लांब शब्दाला घाबरायचं नसतं. चादरीसारखा दुमडत जायचा, की हातात मावतो.

"आणि हे काय, एक्सेसिव्ह टेन्शन डिटेक्टेड?" आईने विचारलं.

"प्रमाणाबाहेर ताण सापडलाय."

"सापडलाय?" मावशी खो खो हसली. "मला तर लग्नापासून आहे! माझ्यावर कधी लाल दिवा लागला नाही."

मशीन अजून सुरू झालं नव्हतं आणि काम थांबवता येत नव्हतं, म्हणून शिकणंही घड्यांबरोबरच चालायचं. आई सातवीपर्यंत शिकलेली, तिला इंग्रजी अक्षरं जुळवता येतात. शिवाय भिंतीवरचा कागद तिच्या तोंडासमोर आणि मावशीच्या पाठीमागे. तेव्हा चादर ताणताना आई शब्द वाचायची आणि दोघी जवळ आल्या की मावशी अर्थ सांगायची. मावशी शाळेत गेलेली नाही, पण एकदा ऐकलेलं ती विसरत नाही. नात्यातल्या सगळ्यांची भांडणं तिला तारखेनिशी पाठ आहेत.

"टेम्परेचर स्टॅबिलायझेशन इन प्रोग्रेस," आई म्हणायची, जांभई देत.

"गरम होतंय, गप उभी राहा," मावशी म्हणायची आणि घडी ठेवायची.

काय सुंदर चाललं होतं! मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटायच्या. आई दमलेली असायची, डोळे अर्धे मिटलेले, पण शब्द बरोबर यायचे. टोकं बदलून बघावं, आईला अर्थ विचारावा, मावशीला कागदासमोर उभं करावं, हे ना त्यांना सुचलं, ना मला. त्यांची टोकं ठरलेलीच होती.

परीक्षेच्या दिवशी आमची शाळा अर्धीच होती, त्यामुळे मी हजर. मशीनवाला म्हणजे गळ्यात ओळखपत्र लटकवलेला, सारखा घड्याळ बघणारा माणूस. त्याने बटण दाबलं. पॅनेलवर अक्षरं उमटली. साहेब आईला म्हणाले, "हं, वाचा. आणि काय करायचं ते सांगा."

आईने स्वच्छ वाचलं. "एक्सेसिव्ह टेन्शन डिटेक्टेड."

माझी छाती फुगली. मग आई एक पाऊल पुढे आली, हात जरासे उचलले आणि थांबली. थांबूनच राहिली. मला कळेना काय झालं. मग लक्षात आलं, ती समोरच्या टोकाची वाट बघत होती. तिचं काम शब्दापाशी संपत होतं.

"बोला की," साहेब म्हणाले.

आईचे ओठ हलले. आवाज आला तो मागून, बाकावरून. "कापड फार ताणलंय. रोलर सैल करायचा, मग परत चालू."

"तुम्हाला विचारलं का?" साहेब मावशीवर खेकसले.

मावशीने जीभ चावली. "तोंडातून निघून गेलं, साहेब."

मग तिची पाळी. मशीनवाल्याने दुसरं बटण दाबलं. मावशी पॅनेलकडे बघत राहिली, जसं कुणी परक्याच्या घराच्या बंद दाराकडे बघतं. मी मनात म्हणत होते, नको येऊ दे, नको येऊ दे. खोटं कशाला बोलू, आई माझी आहे. मावशीने मान वळवून आईकडे पाहिलं.

आईने तोंड उघडू नये म्हणून मी तिचा पदर ओढला. तिने तो हळूच सोडवून घेतला.

"ऑब्स्ट्रक्शन ॲट फीडिंग सेक्शन," आईने वाचलं. नेहमीच्या आवाजात, अर्ध्या झोपेतल्यासारखं.

"तोंडाशी अडकलंय! ओढायचं नाही, आधी लाल बटण!" मावशी एका दमात म्हणाली.

मशीनवाला हसला. साहेब हसले नाहीत. "परीक्षा कुणाची चाललीय इथे? दोघींची मिळून?" त्यांनी क्षणभर विचार केला. "असो. हिला निदान काय करायचं ते माहीत आहे. वाचायचं मागाहून बघू. ही मशीनवर. तुम्ही उद्यापासून खाली."

घरी जाताना मी रस्ताभर फणफणत होते. "तू वाचलंसच कशाला? गप्प बसली असतीस तर तीही नापास झाली असती! साहेबांनी परत परीक्षा घेतली असती!"

"ती माझ्याकडे बघत होती गं."

"मग? बघू दे की!"

"इतके दिवस ती बघते आणि मी वाचते. तोंड आपोआप उघडलं." आई एका दुकानाच्या पायरीवर बसली. "जरा थांब. मग बोल काय बोलायचं ते."

मला बोलायचं खूप होतं, पण तिचे मिटलेले डोळे बघून माझं इंग्रजी, मराठी सगळं आटलं.

आई खाली गेली, पण सुटली नाही. तळघराच्या छताला एक चौकोनी भोक आहे, वरून चादरी टाकायचं. त्यातून मावशीचं डोकं दिसायचं. "ताई, वर ये गं! लाल लागलंय! लांबलचक आहे!" की आई हातातलं बोचकं टाकून जिना चढणार, वाचणार, मावशी झटक्यात काम करणार, आणि आई गुडघ्यावर हात ठेवून परत खाली. मी डोळ्यांनी पाहिलं हे. दोन मजल्यांवर काम करणारी एकच बाई, आणि पगाराच्या यादीत नाव मात्र तळघरात.

मी आईला म्हटलं, "चांगलंय! असंच चालू दे. एक दिवस साहेबांना कळेल की तुझ्याशिवाय मशीन चालत नाही. मग तुला वर घेतील."

आई पाय गरम पाण्यात सोडून बसली होती.

सुट्टीच्या दिवशी दुपारी टोकमावशी घरी आली. दारातच उभी राहिली. आईकडे न बघता मला म्हणाली, "मला अक्षरं शिकव गं बाळा. पहिल्यापासून. मला लाज वाटते भोकातून हाका मारायची."

मी आईला हात धरून स्वयंपाकघरात नेलं. "नाही शिकवणार मी. ती वाचायला शिकली तर तुला वर कोण बोलावणार? तू कायमची खालीच राहशील!"

"कोणी बोलावणार नाही," आई म्हणाली. "जिने तरी चुकतील."

"आई, पण तुझी जागा..."

"जागा गेली. ती त्याच दिवशी गेली. तू रोज परत कुठे आणतेस?" तिने ओट्याला टेकून एक पाय उचलला, मग दुसरा. "तू म्हणतेस तसं साहेबांना कळेलही एखाद्या दिवशी. पण तोवर माझे गुडघे टिकायला नकोत? शिकव तिला. नीट शिकव, अर्धवट नको."

मला रडू आलं, आणि रागही. पण आई आत जाऊन आडवी झाली होती आणि बाहेर मावशी माझी जुनी पाटी पदराने पुसत बसली होती. मी समोर बसले. पहिलं अक्षर काढलं. तिने माझ्याहून मोठ्या आवाजात म्हटलं. दुसरं काढलं. तिने ते तर भिंत हलेल असं म्हटलं.

"अगं हळू," आतून आई म्हणाली. "शिका खुशाल, पण मला झोपू द्या."

मावशीने हात तोंडावर ठेवला. मग आम्ही दोघी कुजबुजत पुढच्या अक्षराकडे गेलो.