डर्मटच्या हॉर्नपाइपचा दुसरा भाग

मित्रांनो, मी एक जुना, रिळांचा टेपरेकॉर्डर आहे आणि माणसांच्या बोटांवर माझा विश्वास नाही. त्याला कारण आहे माझे तांबडे बटण. ते दाबून फीत चालवली की जुना आवाज पुसला जातो आणि नवा उमटतो. कुणी काही बोललेच नाही, तर नुसती शांतता उमटते. म्हणून कुणी हात पुढे केला की मी धास्तावतो.

माझा जन्म वेलिंग्टनजवळच्या कारखान्यातला. टौरंगा बंदरावर काम करणाऱ्या डर्मट नावाच्या आयरिश माणसाने मला विकत घेतले. तो फिडल वाजवायचा, म्हणजे आपले व्हायोलिनच. शनिवारी घरी मंडळी जमत, मी टिपलेले ऐकत आणि माझ्या स्वच्छ आवाजाचे कौतुक करत. पुढे कॅसेट आल्या. डर्मट वारला. त्याची बायको मॉइरा न्यू लिन या उपनगरात राहायला आली आणि मी तिच्या कपाटात, इस्त्रीच्या टेबलामागे धूळ खात पडलो.

२००६ साली त्या घरी इरावती आली. ती मूळची पुण्याची, अल्बनीतल्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होती आणि न्यू लिनच्या आयरिश संगीत मंडळात व्हायोलिन वाजवायची. मंडळ आपल्या धुनांचे पुस्तक छापणार होते. कोणती धून कुठून आली, हे शोधायचे काम तिच्याकडे होते. त्यांत 'डर्मटची हॉर्नपाइप' होती. हॉर्नपाइप म्हणजे ठुमकत नाचायची धून. तिला दोन भाग असतात. ही डर्मटने स्वतः रचली, असे मॉइरा सगळ्यांना अभिमानाने सांगे.

इरावतीला मात्र ती भलतीकडेच सापडली. आधी जुन्या तबकड्यांवरून केलेल्या एका सीडीवर, निराळ्या नावाने. मग एका छापील पुस्तकात, आणि ते तर डर्मटच्या जन्माच्याही आधीचे. तिने मॉइराला जपूनच विचारले, की डर्मटचे काही ध्वनिमुद्रण आहे का. मॉइरा म्हणाली, ते मशीन केव्हाच टाकून दिले. त्या वेळी कपाटाचे दार अर्धे उघडे होते आणि मी आत बसून तिचे बोलणे ऐकत होतो. इरावतीची नजर माझ्यावर एकदा येऊन गेली.

घरी जाऊन ती नवऱ्याला, गंधारला, काय म्हणाली ते तिनेच पुढे सांगितले: "खूप गोड बोलतात रे त्या, पण काहीतरी लपवतायत. मला वाटतं, ट्यून ढापलेली आहे."

इकडे मॉइराने मला बाहेर काढले. फीत लावली. डर्मटचा आवाज आला, "ही मला एका जहाजावरच्या आचाऱ्याने शिकवली."

तिने तिथेच मला थांबवले. तिने फीत मागे नेली आणि तांबडे बटण दाबले. मी फिरत राहिलो. दुसरे काय करणार? डर्मटचे पुढचे वाक्यही त्यात गेले. ते ऐकायला ती थांबलीच नव्हती. डर्मट पुढे म्हणाला होता, "पण त्याचा दुसरा भाग मी विसरलो, म्हणून हा मीच रचलाय."

मग तिने इरावतीला बोलावून मशीन सापडल्याचे सांगितले आणि फीत लावली. इरावती मान खाली घालून ऐकत होती. सुरुवातीला ठार शांतता, आणि एकदम फिडल, तेही मधूनच. तिने विचारले, इथले काय झाले? मॉइरा म्हणाली, फीत जुनी आहे. इरावतीला ते पटले नाही, हे मला दिसत होते.

पण दुसरा भाग सुरू झाला आणि तिने मान वर केली. पुन्हा लावायला सांगितले. पुन्हा ऐकले.

"मॉइरा, हा भाग त्या सीडीवर नाही, पुस्तकातही नाही. तिथे अगदी वेगळाच आहे. हा कुठून आला?"

मॉइराने फीत थांबवली. मग म्हणाली, लग्नानंतरच्या हिवाळ्यात तो काम करता करता हा गुणगुणत असे. रोज थोडा बदले, चिडे, पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. "मला वाटायचं, तो आपलीच जुनी धून आठवतोय."

"आठवत नव्हते ते. रचत होते."

मॉइराने माझ्या झाकणावर हात ठेवला. "तो आधी काहीतरी बोलला होता, इरा. मी पुसलं. लोक त्याला चोर म्हणतील, अशी भीती वाटली."

इरावतीने तिचा हात धरला. "चोर मीच म्हणत होते त्यांना, मनात," ती म्हणाली.

पुस्तकात छापले गेले: पहिला भाग पारंपरिक, दुसरा, मॉइराच्या आठवणीप्रमाणे, डर्मटचा. मंडळातल्या काहींनी नाक मुरडले. बायकोच्या आठवणीला पुरावा काय, म्हणाले. इरावती म्हणाली, दुसरीकडे कुठे सापडला तर मला आणून दाखवा. अजून कुणी आणलेला नाही.

आता मी इरावतीकडे असतो. इथेच मराठी शिकलो. मित्रांनो, ते वाक्य ऐकलेला मी एकटाच उरलोय, पण फितीवर जे नाही ते मला म्हणून दाखवता येत नाही. कुणाचा संशय आला तर खुशाल येऊ द्या. फक्त बटण दाबण्यापूर्वी त्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐका.