रॉकेटच्या खड्ड्यातलं पाणी

केशोरीपलीकडच्या माळावर नव्याण्णव साली पाऊस पाडणारी रॉकेटं आली. ढगात रॉकेट सोडायचं, ढग फुटायचा, धान पिकायचं. ढगांना हे पटलं नाही. चार वर्षांनी कंपनीने गाशा गुंडाळला. मागे राहिला सिमेंटचा मोठा ओटा, आणि त्याच्या पोटात रॉकेटची आग जिरवायला खणलेला तळ्याएवढा खड्डा. गावाने ओट्यावर धानाची मळणी मांडली. मग तिथे पोलिसांचा कॅम्प बसला आणि मळणी उठली. पुढे कॅम्पही गेला.

उमरावच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तलाव अन् बोड्या, म्हणजे धानाच्या पाण्याची छोटी तळी, बांधल्या होत्या. कुठे पाणी नुसतं पडून असलेलं त्याला बघवत नसे. दोन हजार नऊच्या पावसाने दगा दिला. गावच्या बोडीत चिखल उरला, धान निसवायच्या बेताला येऊन माना टाकू लागलं, आणि बोडीच्या पाझरावर जगणारी पाळीखालची, म्हणजे तिच्या बांधाखालची, विहीर तळाला गेली. घरात सून नीतूला सातवा महिना. तिला पाण्यासाठी दुसऱ्या टोलीवर, पार पलीकडच्या वस्तीत, जावं लागे, याची उमरावला लाज वाटायची. आणि तिकडे माळावर वर्षानुवर्षं पाणी साचून सिमेंटचा खड्डा तुडुंब, नितळ. त्यात शेवाळ नव्हतं की बेडूक नव्हता. उमरावला तो पाण्याचा चोखपणा वाटला.

चार माणसं घेऊन त्याने खड्ड्याचा काठ फोडला आणि माळावरून पाट खणला. उतार असा साधला की पाणी कुठे न अडखळता थेट बोडीत उतरलं. सारं गाव पाळीवर उभं राहून बघत होतं. उमरावची छाती फुगली, आणि का फुगू नये?

काही दिवसांनी खुशाल रामटेके आमगावच्या राईस मिलमधून गावी आला. कंपनी होती तेव्हा तो तिथे मजुरी करायचा. बोडी भरलेली पाहून त्याने आधी पाणी कुठलं ते विचारलं. कंपनीने जाताना रॉकेटात भरायच्या उरलेल्या मसाल्याचे ड्रम मजुरांना त्याच खड्ड्यात ओतायला लावले होते, म्हणाला. ओतताना त्याच्या हाताची सालं निघाली होती. कॅम्पवाले उगाच नव्हते लांबून टँकर मागवत.

"मंग सांगतलं काऊन नाही?" उमरावने विचारलं.

"त्या पान्याले कोन हात लावत होतं, भाऊ? तुमी पाट खनसान, हे कोनाले ठाव?"

चिखलात तगलेल्या मासोळ्या आता काठाला उलट्या होऊन लागल्या होत्या. उमराव फावडं घेऊन पाळीवर धावला. पाळ फोडली की पाणी निघून जाईल. पण जाईल ते खालच्या गावच्या बोडीत, तिथून तिसऱ्या गावच्या. थेंबही वाया जाऊ नये म्हणून त्याच्याच वाडवडिलांनी त्या एकीखाली एक बांधल्या होत्या. फावडं उचलेना. जन्मात पहिल्यांदा त्याला पाण्याची भीती वाटली.

पाळीखालून नीतू भरला हंडा कमरेवर घेऊन येत होती. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा असा खुलला होता.

"मामाजी, विहिरीले पानी आलं," ती म्हणाली. "आत्ताच दोन गिलास पेली. गोड लागून राहिलं."